खाऱ्या पाण्यातली माशी



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल, आणि त्यात आपली काही चूक नाही. समुद्रात माशी नसते. नदीच्या पाण्यावर तिन्हीसांजेला चिलटे, पाखरे, किडे घोंघावतात, त्यांतले काही पाण्यावर पडतात आणि खालून मासा येऊन त्यांना गट्ट करतो, हे कोणत्याही डोहाच्या काठी बसलेल्या माणसाने पाहिलेले आहे. पण समुद्रातला मासा जगतो तो लहान मासळीवर, कोळंबीवर, खेकड्यांवर. मग पिसांची माशी करून ती गळावर बांधायची आणि खाऱ्या पाण्यात टाकायची, हा उद्योग माणसाने का आरंभिला, आणि तो करताना त्याला काय नवे शिकावे लागले व काय जुने विसरावे लागले, ही हकीकत आम्हांला सांगावयाची आहे. ज्यांना हा छंद स्वतः सुरू करावासा वाटेल त्यांच्या उपयोगाचे चार शब्द ओघाने येतीलच. किंबहुना ह्या छंदाचा इतिहास आणि त्याचा पहिला धडा ह्या दोन गोष्टी निराळ्या काढता येत नाहीत, असे आमचे मत आहे.

आधी शब्दाचा उलगडा करून टाकू. इंग्रजीत ज्या वस्तूला फ्लाय म्हणतात तिला आम्ही येथे माशीच म्हणणार आहोत, मग ती दिसायला मासळीसारखी असो की खेकड्यासारखी. गळाच्या दांडीवर दोऱ्याने पिसे, केस, लोकर, जर असे काही बांधून जे खोटे भक्ष्य तयार होते, ती माशी. तिला वजन जवळजवळ नसते, आणि साऱ्या प्रकरणाची मेख तेथेच आहे. आपल्याकडे कोकणात गरवणारा माणूस दोरीच्या टोकाला शिसे बांधतो. ते फिरवून सोडले की दोरीला आपल्यामागून ओढीत नेते. हलक्या पिसाला ते साधत नाही. म्हणून येथे वजन दोरीतच घातलेले असते. ही जाड, जड दोरी काठीच्या लवचिकपणाने मागे फेकायची, ती मागे पुरती उलगडली की पुढे फेकायची, आणि तिच्या वळणाबरोबर माशी पुढे जाऊन अलगद पडायची. गाडीवानाचा चाबूक ज्याने नीट पाहिला आहे त्याला हे चटकन समजेल. फरक इतकाच, की गाडीवानाचा चाबूक कडाडला तर शाबासकी, आणि येथे दोरी कडाडली तर माशी तुटून गेली म्हणून समजावे.

ही युक्ती फार जुनी आहे. इसवी सन 200 च्या सुमारास ईलियन नावाच्या रोमन ग्रंथकाराने प्राण्यांविषयी एक ग्रंथ ग्रीक भाषेत लिहिला. त्यात मॅसिडोनियातल्या अ‍ॅस्ट्रिअस नदीवरच्या कोळ्यांची हकीकत आहे. त्या नदीतले ठिपकेदार मासे पाण्यावर उडणाऱ्या एका किड्यावर तुटून पडत. कोळ्यांनी तो किडाच आमिष म्हणून का लावला नाही? तर माणसाच्या हाताचा स्पर्श होताच त्याचा रंग उडे, पंख चुरगळत आणि मग मासा त्याला तोंड लावीत नसे. तेव्हा त्यांनी गळाभोवती किरमिजी लोकर गुंडाळली आणि कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसे तिच्यावर बांधली. खरी वस्तू हाताळता येत नाही म्हणून खोटी करावयाची, हा ह्या कलेचा उगम. ईलियनने स्वतः मासा धरला होता असे दिसत नाही, पण सांगणाऱ्याचे नीट ऐकून घेण्याचा गुण त्याच्या अंगी होता.

पुढची तेरा शतके आम्ही एका उडीत ओलांडणार आहोत. 1496 साली इंग्लंडात विंकिन द वर्डने गळाच्या मासेमारीवरील एक पुस्तिका छापली, तिच्यात बारा माश्या सांगितल्या आहेत. 1653 साली आयझॅक वॉल्टनचे प्रसिद्ध पुस्तक निघाले, आणि 1676 च्या आवृत्तीत त्याचा मित्र चार्ल्स कॉटन ह्याने माशीच्या मासेमारीचा भाग जोडला. ह्या सर्वांचा संसार नदीकाठचा, गोड्या पाण्याचा.

येथे आपल्या घरचाही एक दाखला द्यावासा वाटतो. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर ह्याच्या मानसोल्लास ग्रंथाचे नाव आपले अभ्यासक जुन्या मराठीच्या खुणा शोधताना घेतात. त्याच ग्रंथात, म्हणजे 1130 च्या आसपास, मत्स्यविनोद नावाचे एक प्रकरण आहे. राजाने करमणूक म्हणून गळाने मासे कसे धरावेत, नदीतले व समुद्रातले मासे कोणते, त्यांना काय चारावे, काठी आणि दोरी कशी असावी, हे त्यात आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा ह्यांनी 1951 साली ह्या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. सोमेश्वराची आमिषे खाण्याची आहेत, पिसांची नव्हेत, तेव्हा माशीचा शोध आपल्याकडे लागला असा दावा आम्ही करीत नाही. पण गळ हे केवळ पोटाचे साधन नसून मनाचाही विनोद आहे, हे इंग्लंडातल्या त्या छापील पुस्तिकेच्या साडेतीन शतके आधी आपल्या बाजूच्या एका राजाने लिहून ठेवले, एवढे ध्यानात असू द्यावे.

मग समुद्राकडे ही कला इतक्या उशिरा का गेली? साहित्य हे एक कारण. जुन्या दोऱ्या रेशमाच्या असत. त्या रोज संध्याकाळी काढून वाळवाव्या लागत, आणि खाऱ्या पाण्यात त्या लवकर कुजत. दोरीच्या टोकाची बारीक तार रेशमाच्या किड्याच्या ग्रंथी ताणून केलेली असे, आणि वापरण्यापूर्वी ती भिजत घालावी लागे. गळ गंजत. शिवाय समुद्रावर वारा, आणि वाऱ्यात हलकी माशी फेकणे म्हणजे आपल्याच कानाला गळ लावून घेणे. पण ह्याहून मोठे कारण मनातले होते. माशी म्हणजे किडा, किडा नदीचा, म्हणून माशी नदीची, अशी ती साखळी होती. फ्लोरिडात जेम्स हेन्शल ह्या डॉक्टराने काही खाऱ्या पाण्यातले मासे माशीवर धरल्याचे 1884 च्या पुस्तकात नमूद केले, आणि 1911 साली डिमॉकने टार्पन ह्या प्रचंड माशावर पुस्तक लिहिले, त्यातही माशीच्या काठीची झुंज आहे. पण लोकांनी ह्या गोष्टी लहरी माणसांच्या लहरी म्हणून बाजूला ठेवल्या.

समजूत फुटली ती एका अपघाताने. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला कीज नावाची बेटांची माळ आहे. तेथील लाँग की बेटावर रेल्वेवाल्यांनी मासेमारीच्या शौकिनांसाठी एक वसाहत उभारली होती; कादंबरीकार झेन ग्रे तेथील मंडळाचा पहिला अध्यक्ष. 1920 च्या दशकात कर्नल थॉम्प्सन नावाचे एक गृहस्थ तेथे माशीवर लहान टार्पन धरीत असता भलतेच मासे लागू लागले. ते बोनफिश होते. हा मासा गुडघाभर पाण्यातल्या वाळूवर येतो, तोंड खाली घालून कोळंबी आणि खेकडे उकरतो, आणि त्या वेळी त्याची शेपटी पाण्याबाहेर हलताना दिसते. त्याचे अंग आरशासारखे, म्हणून तो दिसतो तो बहुधा त्याच्या सावलीवरून. आणि गळ लागला की एका दमात शंभर वार दोरी घेऊन पळतो. असा मासा पिसाला तोंड लावील हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. पुढे 1935 च्या सप्टेंबरातल्या चक्रीवादळाने ती वसाहत आणि रेल्वे दोन्ही धुऊन नेली. पण बेटांवरचे वाटाडे राहिले.

हे वाटाडे म्हणजे नावाडीच. शहरच्या शौकिनाला होडीत बसवायचे, लांब बांबूने होडी रेटीत उथळ पाण्यावरून न्यायचे आणि मासा दाखवायचा, हा त्यांचा पोटाचा धंदा. त्यांच्यापैकी बिल स्मिथ ह्याने 1939 साली जाणूनबुजून, ठरवून माशीवर बोनफिश धरला. त्याची पत्नी बॉनी आणि तिच्या दोन बहिणी, फ्रँकी व ब्यूला, ह्या तिघीही हेच वाटाड्याचे काम करीत. पुरुषांच्या ह्या धंद्यात तीन सख्ख्या बहिणींनी आपल्या होड्या घालाव्यात, आणि इतिहास सांगताना त्यांचे नाव तळटीपेत जावे, हे आम्हांला नेहमीच खटकत आले आहे. फ्रँकीचा नवरा जिमी ऑल्ब्राइट. जाड दोरी बारीक दोरीला जोडण्याची एक गाठ आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. 1947 साली ह्याच जिमीच्या होडीतून जो ब्रुक्स ह्या लेखकाने बोनफिश माशीवर धरले आणि ते लिहून काढले. 1950 साली खाऱ्या पाण्यातील माशीवर त्याचे स्वतंत्र पुस्तक निघाले. करणारे आधी होते, लिहिणारा नंतर आला. पण लिहिणाऱ्यावाचून ही गोष्ट त्या बेटांबाहेर गेली नसती, हेही मान्य केले पाहिजे.

साहित्यही ह्याच सुमारास बदलले, आणि त्यात हिंदुस्थानचा एक धागा आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बांबूच्या चिरफळ्या तासून व एकमेकींना चिकटवून काठ्या होऊ लागल्या, तेव्हा पहिला बांबू जात असे तो कलकत्त्याहून. कलकत्ता केन हे नावच त्याला पडले होते. पुढे चीनमधला टोंकिन बांबू अधिक सरळ आणि चिवट म्हणून त्याने कलकत्त्याला मागे टाकले. 1950 च्या अखेरीस अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि टोंकिन बांबूची वाट अडली. तोवर काचतंतूची काठी आली होतीच, ती घरोघर गेली. काचतंतूला मीठ खात नाही. रेशमाची जागा नायलॉनने आणि वर प्लॅस्टिकचा मुलामा दिलेल्या दोरीने घेतली. 1973 च्या सुमारास कार्बनच्या ग्रॅफाइट काठ्या आल्या, आणि आज दुकानात मिळतात त्या बहुतेक त्याच. एका राजकीय भांडणाने एका छंदाचे साहित्य कसे फिरवले, हे अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी जरूर पाहावे.

आता ज्या माणसासाठी आम्ही हे व्याख्यान घेतले त्याच्याकडे वळू. बर्नार्ड क्रे, पण जग त्याला लेफ्टी म्हणजे डावरा ह्याच नावाने ओळखते. जन्म 1925, मेरीलँडमधल्या फ्रेडरिक गावी. लहानपणीच वडील गेले, घरात चार भावंडे, त्यांत हा थोरला. शिंगाळ्यासारखे मासे नदीतून धरून विकायचे आणि त्या पैशांत शाळा करायची, असे त्याचे बाळपण. महायुद्धात युरोपच्या आघाडीवर लढून तो परत आला. 1947 साली तोच जो ब्रुक्स त्याच्याबरोबर नदीवर मासेमारीला गेला. लेफ्टी साध्या काठीने आणि नेहमीच्या आमिषाने मासे धरीत होता. दुपारी नदीवर पंखवाल्या मुंग्यांचा थवा पडला आणि पाण्यावर माशांच्या तोंडांची वर्तुळे उठू लागली. ब्रुक्सने माशीची काठी काढली, एकेका वर्तुळात माशी टाकली, आणि मासे लागोपाठ वर आले. दुसऱ्याच दिवशी लेफ्टी बाल्टिमोरला ब्रुक्सकडे गेला आणि त्याच्या सल्ल्याने माशीचे साहित्य विकत घेऊन आला. पुढची सत्तर वर्षे त्याने दुसरे काही केले नाही म्हटले तरी चालेल. 2018 साली तो वारला.

1950 च्या दशकाच्या अखेरीस चेसापीक उपसागरात पट्टेदार बास मासा धरताना त्याला एक त्रास वारंवार होई. त्या वेळच्या लांब पिसांच्या माश्या हवेतून जाताना पिसे गळाच्या वाकणात गुंतवून घेत. गुंतलेली माशी मासळीसारखी पोहत नाही, चिंधीसारखी फिरते, आणि मासा तिला ओळखतो. लेफ्टीने पिसे दांडीच्या पुढच्या भागावरून काढून अगदी शेवटाला, शेपटीसारखी बांधली आणि पुढे हरणाच्या शेपटीच्या केसांची झालर दिली. झाले एवढेच. पण आता पिसे गुंतेनात. ओली माशी पाण्यातून उचलली की केस अंगाला चिकटून ती सडसडीत होई, म्हणून वाऱ्यातही जाई. आणि पाण्यात पडताच केस फुलून तिला पुन्हा मासळीचे पोट येई. तिला त्याने डिसीव्हर, म्हणजे फसवी, असे नाव दिले. हा नमुना नव्हे, ही बांधण्याची रीत आहे, असे तो सांगत असे. करंगळीएवढी बांधा की वीतभर, पांढरी बांधा की काळी. आपल्या पाण्यातली लहान मासळी जशी असेल तशी बांधा.

आम्हांला वाटते, खाऱ्या पाण्याच्या माशीचा सारा इतिहास ह्या शेवटच्या वाक्यात आहे. नदीच्या माशीला शतकांचे शास्त्र होते, तिच्या पेट्या भरलेल्या होत्या, तिचे नियम ठरलेले होते. समुद्रावर काहीच ठरलेले नव्हते. म्हणून तेथे जी माशी टिकली ती प्रत्येक कोणा एकाने कोणा एका पाण्याकडे पाहून बांधलेली आहे. 1977 साली बहामातल्या अँड्रॉस बेटावर चार्ली स्मिथ ह्या वाटाड्याबरोबर बॉब नॉहाइम हा कॅलिफोर्नियाचा गृहस्थ मासे धरीत होता. उथळ पाण्यातल्या पारदर्शक लहान मासळीसारखी माशी त्याने बांधली, आणि डोळे लावले ते दिवा लावण्याविझवण्याच्या मण्यांच्या साखळीतले दोन मणी तोडून. वाटाड्याच्या नावावरून क्रेझी चार्ली म्हणून ती जगभर गेली. 1987 साली पेनसिल्व्हेनियाच्या बॉब क्लाउझरने डमरूच्या आकाराचे शिशाचे डोळे दांडीच्या वरच्या अंगाला बांधले. त्या वजनाने माशी पाण्यात उलटी होते, गळाचे टोक वर येते आणि तळच्या दगडांत अडकत नाही. शिवाय ओढ थांबली की ती डोक्यावर खाली जाते आणि ओढली की वर येते, भ्यालेल्या मासळीसारखी. ही माशी मुळात नदीची, पण समुद्राने ती लगेच आपलीशी केली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ह्या माश्यांना काय लागले? घरच्या कोंबड्याची पिसे, हरणाचे केस, दिव्याची साखळी. उलट स्कॉटलंडच्या सामन माशासाठी एकोणिसाव्या शतकात ज्या भरजरी माश्या बांधीत त्यांना पाच खंडांतले पक्षी लागत. जॉक स्कॉट नावाच्या तशा एका प्रसिद्ध माशीवर आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याचे पीस असते. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचा थेंब सांडावा तसे चकचकीत ठिपके असतात, आणि तो ठिपका माशीच्या गालावर डोळ्यासारखा दिसतो. त्या ठिपक्यापायी हा पक्षी वर्षानुवर्षे मारला गेला आणि त्याच्या माना परदेशी गेल्या. आज आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला अभय आहे. ह्या हव्यासाचा शेवट कोठवर जातो पाहा. 2009 साली इंग्लंडात ट्रिंग येथील संग्रहालयातून एका संगीताच्या विद्यार्थ्याने 299 पक्ष्यांची कातडी चोरली. त्यांत निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसने जमविलेले पक्षीही होते. कशासाठी? जुन्या माश्यांना लागणाऱ्या पिसांसाठी. आम्ही माशी बांधण्याच्या कलेचे प्रेमी आहोत, पण असली माशी आम्हांला कितीही सुंदर असली तरी पाहवत नाही.

1991 साली अमेरिकेच्या टपाल खात्याने पाच माश्यांची तिकिटे काढली. त्यांत लेफ्टीची डिसीव्हर आहे, जॉक स्कॉटही आहे, म्हणजे आपला रानकोंबडा अमेरिकन तिकिटावर जाऊन बसला. आणि तिसऱ्या एका तिकिटावर चक्क आपटे टार्पन फ्लाय आहे! हे वाचून आमच्या एका स्नेह्यांनी कोणत्या गावचे आपटे, अशी चौकशी केली. दुर्दैवाने ते कोकणातले नव्हेत. स्टू अ‍ॅप्टी हा मायामीचा वैमानिक आणि वाटाडा. अक्षरे तीच, उच्चार निराळा.

आता आरंभ कसा करावा. पहिली माशी म्हणून आम्ही डिसीव्हरच सुचवू. लोहाराकडे असतो तसा लहानसा शेगडा टेबलाला बसवावा आणि त्यात गंज न धरणाऱ्या पोलादाचा गळ वाकणाशी पकडावा. दांडीवर दोरा घट्ट गुंडाळून पाया करावा. उघड्या पोलादावर पिसे फिरतात. मग कोंबड्याच्या पाठीवरची लांब पांढरी पिसे, तीन एका बाजूस, तीन दुसऱ्या, पोटाकडून पोट लावून, वाकण सुरू होते तेथे बांधावीत. बाजूंना चकचकीत जरीचे दोनचार तंतू. दांडीवर रुपेरी जर गुंडाळावी. पुढे, गळाच्या छिद्रामागे थोडी जागा सोडून, केसांची झालर दोन्ही बाजूंनी द्यावी, ती वाकणाच्या मागे जाईल इतकी लांब. आपल्याकडे हरणाच्या केसांच्या नादी मुळीच लागू नये, बोकडाचे केस किंवा दुकानातले कृत्रिम तंतू चांगले चालतात. पाठीवर हिरवट काळी झाक हवी असेल तर गळून पडलेल्या मोरपिसाच्या काडीवरचे चारसहा तंतू बांधावेत. दोऱ्याचे डोके करून गाठी माराव्यात, डोळे रंगवावेत, रोगणाचा हात द्यावा.

हे सांगणे सोपे आहे. आमची पहिली माशी तयार झाली तेव्हा आम्ही ती घरात सर्वांना दाखविली. नंतर तंगूस ओवायला गेलो तर गळाला छिद्रच उरले नव्हते. डोके इतके पुढे आले होते आणि रोगण इतके सढळ होते, की सारे बुजून गेले होते. नवशिक्या दहांपैकी नऊ जण हीच चूक करतात, म्हणून सांगितले. छिद्रामागे दोन तांदळांच्या दाण्यांएवढी जागा मोकळी ठेवावी, म्हणजे चूक होऊनही माशी वाचते.

काठी घ्यावयाची तर आठ किंवा नऊ नंबरची. हा नंबर दोरीच्या वजनाचा असतो. 1961 साली अमेरिकेतल्या कारखानदारांनी तो ठरविला. आठ नंबरच्या दोरीचे पहिले तीस फूट 210 ग्रेन, म्हणजे सुमारे साडेतेरा ग्रॅम भरतात. नदीच्या बारीक मासळीला चार-पाच नंबर पुरतो, पण समुद्राच्या वाऱ्याला तो पुरत नाही. फेकणे आधी मैदानावर शिकावे, पाण्यावर नव्हे, आणि गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. पूर्वीचे गुरू काठी घड्याळाच्या दहा ते एक ह्या काट्यांमध्येच हलवायला लावीत. लेफ्टीने ते सोडून दिले. वारा आणि अंतर दोन्ही जिंकायचे तर काठी मागे खूप दूर न्यावी, सावकाश आरंभ करावा, वेग वाढवीत न्यावा आणि एकदम थांबवावी. थांबण्यातच सारी शक्ती आहे, असे तो शिकवी. आम्ही सकाळी क्रिकेटच्या मैदानावर हा अभ्यास करीत असू, तेव्हा एका मुलाने फार सहानुभूतीने विचारले, "काका, पतंग कटला का?" डोळ्यांना चष्मा आणि डोक्याला टोपी मात्र पहिल्या दिवसापासून हवी. वाऱ्यावर परत येणारा गळ माणूस पाहत नाही.

आपल्या किनाऱ्यावर हे चालेल का, असा प्रश्न येणारच. फ्लोरिडासारखे काचेचे पाणी आपल्याला नाही. पावसाळ्यात नद्यांचा गाळ खाडीत उतरतो, आणि मासा डोळ्यांनी भक्ष्य शोधत असेल तर त्याला माशी दिसणार कशी? पण पावसाळा सरून पाणी निवळले की खाडीच्या तोंडाशी, खडकांच्या आडोशाला, कांदळवनाच्या कडेला जिताडा, रावस, तांबोशी असतात, आणि हे तिन्ही लहान मासळीवर व कोळंबीवर जगणारे आहेत. 1873 साली मंगळूरला छापलेल्या, हेन्री टॉमस ह्या मुलकी अधिकाऱ्याच्या हिंदुस्थानातील काठीच्या मासेमारीवरील पुस्तकातही नदीच्या महसीरबरोबर खाडीतल्या मासळीला जागा आहे. म्हणजे विचार नवा नाही. माशी कोठे टाकावी हे मात्र पुस्तकात मिळणार नाही. ते पाग टाकणाऱ्या कोळ्याला विचारावे, आणि त्याच्या पागाच्या वाटेत उभे राहू नये. बॉनी स्मिथ आणि चार्ली स्मिथ ह्यांनी जे केले ते आपल्याकडे करणारी माणसे ह्याच वस्तीत आहेत.

धरलेल्या माशाचे काय करावे, ह्यावर आम्ही कोणाला उपदेश करणार नाही. कोकणात जिताडा सोडून द्या म्हणणाऱ्याला जेवायला कोण बोलावील? पण फ्लोरिडाने 2013 साली टार्पन आणि बोनफिश सोडून देण्याचा नियम केला, हे नमूद करतो. तेथील वाटाड्यांना कळून चुकले होते, की एकच मासा पुन्हा पुन्हा धरता आला तरच होडीत गिऱ्हाईक बसते. निदान अंडी धरलेला किंवा हाताएवढाही नसलेला मासा असेल तर गळाचा काटा चिमट्याने आधीच दाबून ठेवावा, म्हणजे तो निघतो लवकर आणि आपल्या बोटातूनही निघतो लवकर. घरी आल्यावर काठी, रीळ, दोरी गोड्या पाण्याने धुवावी. माश्या धुऊन वाळवल्याशिवाय डबीत ठेवू नयेत. एक ओली माशी रातोरात डबीतल्या वीस गळांना गंज देते.

आणि काठी घेण्यापूर्वी एक दिवस नुसतेच जावे. ओहोटी लागल्यावर खाडीच्या तोंडाशी बसावे. पाणी ओसरते तसे काठच्या डबक्यांतून बोयीची पिल्ले बाहेर पडतात. त्यांतले एक ओंजळीत धरून नीट पाहावे. पाठ करडी हिरवट, कूस रुपेरी, पोट पांढरे, लांबी बोटाच्या दोन पेरांएवढी. मग ते पाण्यात सोडावे, घरी यावे आणि कोंबडीवाल्याकडून पांढरी पिसे मागून आणावीत.